अण्णांच्या गुलाबावरचा मावा

आमच्या शेजारचे अण्णा किड्यांना "अहो" म्हणायचे. सगळ्यांना नाही. कोवळ्या कळ्यांना चिकटून रस पिणाऱ्या हिरव्या माव्याला ते "अरे" म्हणत. पण तो मावा खाणारे लाल पाठीचे, काळ्या ठिपक्यांचे चिमुकले किडे आले, की "या, बसा" असं मोठ्या अदबीने चाले. मी कुंपणापलीकडून ऐकायचो आणि आत जाऊन बायकोला सांगायचो.

अण्णा ग्वाल्हेरच्या लष्कर भागात कॉलेजात गणित शिकवत. कुठल्याशा परदेशी मासिकात त्यांनी समुद्रातल्या माशांचं गणित वाचलं. लहान मासे वाढले की त्यांना खाणारे मोठे वाढतात; मोठे फार झाले की लहान संपत येतात; मग मोठे उपाशी मरतात आणि लहान पुन्हा वाढतात. झालं! आता ग्वाल्हेरला समुद्र कुठून आणणार? अण्णांनी परसातला गुलाब धरला. न्हाणीघराच्या दारावर खडूने दोन वळणदार रेघा काढल्या, एक माव्याची, एक किड्यांची. दुसरी नेहमी पहिलीच्या जरा मागे. "खाणारा मागाहून येतो," हे त्यांचं पालुपद होऊन बसलं. लग्नाच्या पंगतीला उशिरा पोचले तरी हेच ऐकवत.

गुलाब काकूंनी, म्हणजे अण्णांच्या बायकोने लावलेला. काकू असताना चैत्रात ती फुलं त्यांच्या गौरीला जात. त्या गेल्यावर आमच्या गौरीला येऊ लागली. त्यामुळे त्या फाल्गुनात कळ्या माव्याने माखल्या तेव्हा आमच्या हिचा जीव खालीवर झाला. दाल बाजारातून तंबाखू आणून, तिचं पाणी उकळून, बादली घेऊन ही थेट अण्णांच्या परसात.

"बाजूला व्हा, अण्णा. काकूंचं झाड जाईल हो!"

"सब्र, वहिनी, जरा धीर धरा! या पाण्याने मावा मरेल, पण त्याला खाणारेही मरतील. मावा पुन्हा येईल. हे नाही येणार."

"आणि गौरीला काय तुमच्या रेघा वाहू?"

अण्णांचा चेहरा पडला, पण झाडापुढून ते हलले नाहीत. ही तणतणत परत आली. मावा वाढतच गेला. अण्णा सकाळी उठून आधी कळ्या बघत, मग न्हाणीघराचं दार बघत, मग पुन्हा कळ्या. मलाही वाटायला लागलं, गणित गेलं खड्ड्यात, काकूंची एवढी एक आठवण तरी वाचू दे.

आणि मग लाल पाठी दिसू लागल्या. आधी तुरळक, मग पानोपानी. हळदीकुंकवाच्या दिवशी अण्णा स्वतः फुलांची परडी घेऊन दारात हजर! ही इतकी खूश झाली की भांडण विसरून, आंब्याच्या डाळीची वाटी घेऊन त्यांच्या मागोमाग झाड बघायला गेली. मीही गेलो. झाड फुललं होतं, पण एक फांदी माव्याने तशीच भरलेली.

"ही का ठेवलीत?" हिने विचारलं.

"तेवढ्यावर हे टिकतील. सगळा मावा संपला तर उडून जातील." अण्णांनी हिच्या हातातली वाटी घेतली. "आमची ही होती तेव्हा गरीब विद्यार्थी वारावर जेवायला यायचे. सोमवारचा वेगळा, मंगळवारचा वेगळा. ती गेली, चूल थंडावली. जिथे खायला नाही तिथे पोरांनी तरी कशाला यावं? म्हणून हे... घरात कुणीतरी जेवणारं असावं हो."

"आणि तुम्ही काय जेवता?"

"असतात चणे-फुटाणे."

ही पदर खोचून म्हणाली, "सोमवार तुमचा. आमच्याकडे वार लावला तुमचा. कळलं?"

सोमवारी पानं वाढून आम्ही खोळंबलो होतो. अण्णा उशिराच आले. धुवट उपरणं, हातात एक गुलाब. उंबऱ्याशी घुटमळत "खाणारा..." एवढंच म्हणाले.

हिने पाट सरळ केला.

"या, बसा," म्हणाली.