हाक आली की उठणारे अप्पा

वीरभद्रअप्पांच्या दारावर बेल आहे, पण ती बंद असते. बेल वाजवायची असेल तर आधी खालून हाक मारावी लागते. हाक ऐकून अप्पा आतून बेलचं बटन चालू करतात, मग आपण बेल वाजवायची, मग ते दार उघडतात. "अहो, खिडकीतून मला बघितलंच होतं की तुम्ही," असं मी एकदा म्हणालो. "बघितलं की. पर पद्धत हाय," अप्पा म्हणाले.

धाराशिवला आम्ही एकाच गल्लीत राहतो आणि एकाच कॉलेजात काम करतो. मी शिकवतो, ते कॉलेजचा सर्व्हर सांभाळतात. त्यांचं तत्त्व एकच: हाक आली की उठायचं, काम झालं की निजायचं. कुणी मागितल्याशिवाय चालू राहिलेली वस्तू त्यांना बघवत नाही. घरी पाहुण्यानं चहाला हो म्हटलं की मगच अप्पा पिशवी घेऊन दुधाला निघतात. तुळजापूरला निघालेले माझे मेहुणे असेच एकदा चहाला थांबले आणि त्यांची एसटी गेली.

ऑफिसात अप्पा स्वतःसुद्धा डोळे मिटून बसतात. नाव घेतलं की डोळे उघडतात, काम करतात, "आजून काय?" विचारतात आणि परत मिटतात. नव्या प्राचार्यांनी पहिल्याच दिवशी त्यांना झोपलेलं बघून नोटीस काढली. अप्पांनी नोटीस नीट वाचली, सही केली आणि डोळे मिटले.

सर्व्हरवरही तीच तऱ्हा. छपाई, हजेरी, ग्रंथालय, निकाल ही कामं करणारे प्रोग्रॅम इतर ठिकाणी दिवसभर जागे राहून वाट बघतात. अप्पांकडे ते सगळे निजलेले. दारात फक्त एक राखणदार प्रोग्रॅम बसवलेला. मागणी आली की तो ज्याला त्याला उठवतो, आणि उठायला चांगले आठ-दहा सेकंद लागतात. प्रवेशाच्या दिवशी शेकडो पोरांनी एकदम मागणी केली, राखणदारानं इमानेइतबारे सगळ्यांना एकदम उठवलं, आणि सर्व्हर आडवा झाला. प्राचार्य धावत आले.

"सर, मशीनची चूक न्हाय," अप्पा शांतपणे म्हणाले. "पोरांनी येकेकानं हाक मारायला पायजे व्हती."

गेल्या महिन्यात नवा सर्व्हर आला. जुना बंद करायचा ठरला आणि मदतीला मला दिलं. जन्मभर बटनं बंद करत फिरलेला हा माणूस जुन्या मशीनला काही हात लावू देईना. शनिवारी म्हणाले, सोमवारी बघू. सोमवारी म्हणाले, गुरुवारी. शेवटी मीच चालू प्रोग्रॅमची यादी उघडली. राखणदार होता, आणि त्याच्याखाली आणखी एक, तीन वर्षं अखंड जागा. त्याचं नाव 'अण्णा'.

"अप्पा, हे कोण?"

"आमचे थोरले बंधू," अप्पा डोळे मिटूनच म्हणाले. "गावाकडं, ईटला असत्यात. शेती करत्यात."

मग हळूहळू उलगडा झाला. अप्पांनी लिहिलेल्या याच प्रोग्रॅमवर दोघं भाऊ बुद्धिबळ खेळायचे, रोज एक चाल. अण्णा बांधावर बसून मोबाईलवरून चाल पाठवायचे. एके दिवशी त्यांनी मात करणारी चाल पाठवली. प्रोग्रॅम निजलेला. तो उठेपर्यंत ईटची रेंज गेली आणि चाल वाटेतच हरवली. अण्णांनी परत पाठवली, परत तेच. मग अप्पांच्या पत्नीच्या, काकूंच्या फोनवर अण्णा एवढंच म्हणाले, "हरायला लागला की निजतो व्हय त्यो?" त्यानंतर ना चाल, ना फोन.

"तवापासून ह्याला निजू दिलं न्हाय," अप्पा म्हणाले. "चाल आली आन् ह्यो परत निजलेला घावला, तर अण्णा पुन्यांदा न्हाय पाठवायचे."

"मग तुम्हीच फोन करा की."

"हाक त्यांची यायला पायजे. मागितल्याबिगर आपण कसं सुरू व्हायचं?"

मला आधी वाईट वाटलं आणि मग चांगलाच राग आला. "हा प्रोग्रॅम नव्या मशीनवर न्यायचा तर अर्धा तास बंद ठेवावा लागेल," मी म्हणालो. "नेमकी तेवढ्यात अण्णांनी चाल पाठवली तर?"

अप्पांनी डोळे उघडले. खिशातून मोबाईल काढला. अर्थात तो बंद होता. चालू होईपर्यंत आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो.

"अण्णा, म्या वीरभद्र," अप्पा उभे राहून बोलत होते. "आमचं मशीन अर्धा तास बंद राहणार हाय. तेवढ्यात चाल पाठवू नगा. बाकी काय न्हाय."

पलीकडून एक खरखरीत आवाज मलाही ऐकू आला. "जागा हाईस व्हय रं?"

"जागाच हाय, अण्णा," अप्पा म्हणाले. "तीन वर्सं जागाच हाय."

अर्ध्या तासाचं ते काम आम्ही दुसऱ्या दिवशी केलं, कारण दोघं भाऊ दुपारभर बोलत होते, फोन चार्जिंगला लावून. घरी जाताना अप्पा खोलीतला पंखा बंद करायला विसरले. मीही केला नाही.