लेनर्डचं निरोपाचं गाणं

गाणं म्हणायला दहा मिनिटं उरली होती आणि व्हर्लिन स्कोग्लंडला घाम फुटला होता. व्हर्लिन आमच्या गावचा निवृत्त पोस्टमन. गावच्या बेसबॉल संघावर विनोदी गाणी रचायची आणि सातव्या डावातल्या सुट्टीत गिटारवर म्हणायची, हे त्याचं एकवीस वर्षांचं व्रत. बहुतेक गाणी लेनर्ड हुस्कावर. लेनर्ड आठवडाभर दुधाचा ट्रक चालवतो आणि रविवारी पिचर म्हणून चेंडू टाकतो आणि मार खातो. आज त्याचा शेवटचा सामना, म्हणून व्हर्लिनने तीन आठवडे खपून नवं गाणं केलं होतं:

लेनर्डने चेंडू टाकला, गेला नदीपार,
मासे म्हणाले, 'बस्स रे बाबा, सकाळपासून चार!'

आणि नेमका आज लेनर्डच्या चेंडूवर कुणालाच फटका मारता येईना. सहा डाव झाले, एकही नाही; नऊही असेच गेले तर विक्रमच. असं चाललेलं असताना त्याबद्दल ब्र काढायचा नाही, पिचरशी बोलायचं नाही, नाहीतर नजर लागते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. संघातली मंडळी बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकली. लेनर्ड एकटाच सूर्यफुलाच्या बिया चघळत बसला.

"तू गायलास आणि पुढच्याच चेंडूला फटका बसला, तर या गावात मला कुणी पाव विकायचं नाही," व्हर्लिनची बायको आर्लिस कुजबुजली.

व्हर्लिनने जुनी वही काढली. पानोपानी फटकेच फटके. पंचाच्या चष्म्यावर एक निरुपद्रवी गाणं सापडलं, तर तिसऱ्या कडव्यात लेनर्डचा चेंडू त्याच चष्म्यावर आदळत होता. बरं, गाऊच नये, तर एवढ्या वर्षांचा नेम आजच मोडणं त्याहून अशुभ. शेवटी तो उभा राहिला आणि त्याने नुसती चाल वाजवली. दोनशे माणसं चर्चमध्ये बसल्यासारखी गप्प ऐकत होती. मित्राला निरोप द्यायचा आणि आपण मुके, या विचाराने व्हर्लिनला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नववा, शेवटचा डाव, दोघं बाद, आणखी एकच बाद करायचा उरलेला. लेनर्डने मान वळवून व्हर्लिनकडे पाहिलं आणि चेंडू असा सोडला की पाळण्यातल्या पोरानेही टोलवला असता. तो कुंपणावरून थेट नदीत गेला. पुढचा गडी बाद झाला, सामना जिंकला, तरी मैदान हळहळतच होतं.

लेनर्ड सरळ व्हर्लिनपाशी आला.

"अरे, एकच राहिला होता. हात घसरला का?" व्हर्लिनने विचारलं.

"पाचव्या डावापासून कुणी पाणी घे म्हणालं नाही मला. शेवटचा दिवस माझा. त्यात तूही मुका." लेनर्डने टोपी काढून गुडघ्यावर आपटली. "तो विक्रम काय ट्रकात टांगू? मला माझं गाणं पाहिजे होतं."

व्हर्लिनने गिटार घेतली. घरी निघालेली माणसं थांबली. दुसऱ्या ओळीला लेनर्डने हात वर केला.

"चार नाही. आज एकच गेला."

"यमक जुळत नाही रे."

"नाही जुळलं तर नाही जुळलं. एकच म्हण."

व्हर्लिनने एकच म्हटलं. मग सगळ्या गावाने म्हटलं.