बॅरिस्टर मेंढ्याचं भाषण

बाळांनो, सातासमुद्रापलीकडे धुक्यानं भरलेल्या एका बेटावर एक जंगल होतं. जंगल इंग्रजी, त्यामुळे तिथला सिंह फाडून खाण्याआधी ‘माफ करा’ म्हणायचा.

तिथे एडमंड नावाचा मेंढा बॅरिस्टर होता. वकिलांना कोर्टात पांढरा कुरळा टोप घालावा लागे. याला तो जन्मतःच होता.

एकदा सिंहाला शिकारीसाठी सशांची टेकडी हवीशी झाली. ससे कोर्टात गेले. एडमंड त्यांच्या बाजूनं उभा राहिला.

“टेकडी म्हणजे नुसती माती नव्हे, मायलॉर्ड! तिच्यात सशांच्या सात पिढ्या जन्मल्या!”

न्यायाधीश घुबड रडलं. ससे जिंकले. त्यांनी एडमंडला खांद्यावर घेतलं आणि थेट सभागृहात निवडून दिलं. इतकं गोड बोलणारा मेंढा बघून सिंहानं त्याला कायदामंत्री केलं.

मग सिंहाला पुन्हा टेकडी हवीशी झाली. या वेळी कोर्ट नको, कायदाच करा, म्हणाला.

सशांची म्होरकी विनिफ्रेड धावत मंत्र्याकडे आली.

“साहेब, सात पिढ्यांचं तुम्हीच बोलला होतात ना?”

“बोललो होतो, विनिफ्रेडबाई. तेव्हा मी तुमचा वकील होतो.”

“आणि आता?”

“आता राजेसाहेबांचा.”

“बरं. पण तुम्हाला स्वतःला काय वाटतं?”

या प्रश्नाची फी एडमंडला आजवर कुणी दिली नव्हती. तो आठवू लागला. पोटात काहीतरी हललं. ते मत होतं की सकाळचं गवत, हे त्याला ठरवता येईना.

दुसऱ्या दिवशी तो सभागृहात उभा राहिला. समोर ससे बसले होते. मग त्यानं घसा खाकरला आणि सवय कामाला लागली.

“सात पिढ्या एकाच टेकडीवर! किती हा कोंडमारा! या चिमुकल्या जिवांना ओढ्यापलीकडची मोकळी दलदल कोण देणार?”

सभागृह गहिवरलं. सशांनीही टाळ्या वाजवल्या. कायदा मंजूर झाला. विनिफ्रेड डोळे पुसत पिल्लांना घेऊन टेकडी उतरली.

दलदलीत थंडी फार. काही पिल्लं दगावली. एडमंडला ते कळलं, तेव्हा त्यानं दोन दिवस गवताला तोंड लावलं नाही. तिसऱ्या दिवशी सिंहाकडे मेजवानी होती.

पुढच्या निवडणुकीत चिखलातल्या सशांनी पुन्हा एडमंडलाच मतं दिली.

“अगं, असं कसं?” एका बेडकीनं विचारलं.

विनिफ्रेड म्हणाली, “आपल्याविरुद्ध इतकं सुरेख बोलतो. परत आपल्या बाजूनं बोलला, तर काय बहार येईल!”

तात्पर्य : मुलांनो, मोठं व्हायचं असेल तर स्वतःचं मत बाळगू नका. त्यानं घसा बसतो.