सोमवारचं बटण

आमच्या कारखान्यात सोमवारी सकाळी शर्टाचं बटण लावून दाखवल्याशिवाय कोणालाही आत सोडत नाहीत. हजेरीच्या मशीनशेजारी आहेर मॅडम उभ्या असतात. टाकीवरचा कामगार समोर आला की त्या एवढंच म्हणतात, "सोडा आणि लावा." तो बापडा वरचं बटण सोडतो, पुन्हा लावतो, आणि तोवर मॅडम त्याच्या बोटांकडे रोखून बघत असतात. चेहऱ्याकडे त्यांचं लक्षच नसतं. बोटं जराही अडखळली की त्या त्याला बाजूला घेतात, पायाला मुंग्या येतात का, चप्पल पायातून निसटते का, असलं काहीबाही विचारतात आणि थेट डॉक्टरकडे पाठवतात.

नवा वॉचमन आला तेव्हा त्याला वाटलं, बाई चोरी पकडतायत. पहिल्याच सोमवारी त्याने प्रत्येकाचे खिसेही तपासले. मॅडमनी त्यालाही बटण लावायला लावलं.

ऑफिसातल्यांना यातून सूट नाही. मी लेबलं आणि पॅकिंग बघतो, टाकीच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही, पण इतकी वर्षं मीही दर सोमवारी बटण लावतोय. आमचे शेठ तेवढे हुशार. ते सोमवारी टी-शर्ट घालून येतात.

नाशिकला अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना आहे आणि आम्ही सोल्युशन बनवतो. म्हणजे तेच, चपला, रेक्झिन, सोफे चिकटवायचं, डबा उघडला की नाकात जाणारं. कुठल्या मिश्रणाने कोणाला काय होतं आणि त्यासाठी डब्यावर कुठलं चित्र छापायचं, हे ठरवणं मॅडमचं काम. ज्वाळेचं चित्र सगळ्यांना कळतं. कवटी तर लहान पोरालाही कळते. मॅडमचा जीव मात्र तिसऱ्याच चित्रात अडकलाय. त्यात एका माणसाची काळी आकृती असते आणि तिच्या छातीत पांढरी चांदणी फुटलेली असते. आमचे कामगार त्याला 'फुटका माणूस' म्हणतात. हे चित्र अशा मालावर लागतं जो आज काही करत नाही, उद्याही करत नाही, पण रोज रोज अंगात जाऊन काही वर्षांनी यकृतात, मूत्रपिंडात नाहीतर नसांमध्ये ठाण मांडतो.

"विष प्यायलेला माणूस लगेच दिसतो हो," मॅडम म्हणतात. "त्याच्यासाठी धावपळ होते. हा कोणाला दिसत नाही. एकदाचं सोडा. रोजचं सांगा."

'एकदाचं सोडा, रोजचं सांगा' हे त्यांचं पालुपद. कँटीनच्या मिसळीवर तर्री जास्त झाली, तरी हेच. मी एकदा कौतुकाने सांगितलं, की मेव्हणा आलाय, चार दिवस मजेत गेले. मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला. "चार दिवसांचं सोडा. राहायला आला तर सांगा." वाईट याचं वाटतं, की तो खरंच राहायला आला.

मिश्रणाचा नियमही त्यांनी मला कँटीनच्या त्याच टेबलावर शिकवला. आमच्या सोल्युशनमध्ये ते पातळ ठेवणारा एक सॉल्व्हंट असतो, जो रोजच्या वासाने हातापायांच्या नसा मारतो असा संशय आहे. तो शंभरात दहा किंवा जास्त असला, की अख्ख्या मिश्रणाला फुटका माणूस लावायचा. दहाच्या आत असला तर नाही. "घरात एखादा खवट असला म्हणून घराला कोणी खवट म्हणत नाही," मॅडम म्हणाल्या. "पण शंभरात दहा झाले, की आडनावच खवट." तेव्हापासून मी नातेवाइकांचे टक्के काढायला लागलो. ते काम मात्र करू नये, झोप उडते.

आणि प्रत्येक गोष्टीचा 'लक्ष्य अवयव' त्यांना सांगावाच लागतो. कुठल्या घातक वस्तूने नेमकी कशाला इजा होते, तो तिचा लक्ष्य अवयव. द्वारका चौकातल्या गर्दीचा लक्ष्य अवयव मान. मिरवणुकीतल्या डीजेचा कान आणि काळीज, दोन्ही. प्रॉडक्शनचे वाघ साहेब मीटिंगमध्ये बोलायला लागले, की मॅडम माझ्याकडे झुकून हळूच म्हणतात, "लेबलवाले, कंबर."

तर खरी भानगड या वाघ साहेबांनीच केली. आमचा परदेशी जाणारा माल होता, त्याच्यावर फुटका माणूस छापलेला असायचा, कारण तिकडचं गिऱ्हाईक त्याशिवाय घेत नाही. इथल्या डब्यावर मात्र सोफ्यावर पाय दुमडून बसलेली एक हसरी बाई. मॅडमनी शेठना विचारलं, की तिकडच्या माणसाच्या नसा आणि आपल्या माणसाच्या नसा वेगळ्या असतात का. शेठ म्हणाले, "अहो, इथे विचारतंय कोण?"

"मी विचारतेय ना," मॅडम म्हणाल्या.

यावर वाघ साहेबांनी डोकं चालवलं. इथल्या मालाची कृती त्यांनी अशी बदलली, की तो सॉल्व्हंट साडेनऊ टक्क्यांवर आला. मग मीटिंगमध्ये कागद पुढे सरकवून हसत हसत म्हणाले, "मॅडम, तुमच्याच नियमाने बाई सोफ्यावर बसू शकते."

मॅडमनी कागद दोनदा वाचला. नियम हा त्यांचा देव, आणि देवानेच दगा दिलेला. "नियमात बसतंय," एवढंच म्हणून त्या उठल्या. कँटीनमध्ये त्यांच्यासमोरचा चहा निवून गेला. त्या दिवशी एकदाही 'रोजचं सांगा' ऐकू आलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला ते अजिबात आवडलं नाही.

पुढच्या मीटिंगला त्या आल्या त्या हातात डबा घेऊन. आमचाच डबा, आमच्याच गोदामातला, सीलबंद असतानाच उचललेला. त्यांनी तो लॅबच्या मशीनवर तपासून घेतला होता. सॉल्व्हंट साडेनऊ नव्हता. दहाच्या चांगलाच पुढे होता.

"मशीन बिघडलंय," वाघ साहेब म्हणाले.

"गांगुर्डेंना बोलवा," मॅडम म्हणाल्या.

गांगुर्डे दिंडोरीकडचे, टाकीवर अर्धं आयुष्य काढलेले. एसीच्या खोलीत येऊन ते दाराशीच उभे राहिले. मॅडमनी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, "गांगुर्डे, कृतीप्रमाणे सगळं घातल्यावर तुम्ही काय करता?"

"मंग वास बघतो, म्याडम."

"वास कमी वाटला तर?"

"तर एक मग वरून टाकतो. सॉल्व्हंटचा." गांगुर्डेंनी सरळ सांगून टाकलं. त्यांना यात लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं. "या नव्या कागदानं वास लय कमी येतो साहेब. डबा उघडल्यावर वास नाय आला, तर गिऱ्हाईक म्हणतं माल पातळ हाय. लगेच परत आणतं. मंग टाकतो आपला मग. कवाकवा दोन."

वाघ साहेबांचा सगळा हिशेब त्या मगात बुडाला होता. शेठचा चेहरा लाल झाला आणि ते गांगुर्डेंवर घसरले, की तुला विचारलं कोणी, उद्यापासून येऊ नकोस. मॅडम मध्ये पडल्या. "त्यांना काढलंत तर नवा माणूसही वासच बघणार आहे, शेठ. हा धंदा वासावर चालतो हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत."

"तर ते वरून ओतणं आजपासून बंद," शेठ म्हणाले.

"बंद करा. साडेनऊवर ठेवा. मी आत्ता सही करते. डबे परत आले की मला सांगू नका." आणि त्यांनी खरोखर पेनाचं टोपण काढलं.

शेठनी पेनाकडे पाहिलं. परत आलेल्या डब्यांचा ढीग त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहिलेला मला स्वच्छ दिसत होता. ते सूर बदलून म्हणाले, "मॅडम, आपण असं करू, चालतंय तसं चालू दे. तुम्ही त्या साडेनऊच्या कागदावर सही करा. नाहीतर सही करणारी माणसं दुसरीही मिळतात."

"मिळतील की," मॅडमनी टोपण परत लावलं. "त्यांना दर सोमवारी गेटवर उभं करा म्हणजे झालं. वास विकायचा असेल तर चित्रही विकावं लागेल. मी या खुर्चीत असेपर्यंत तरी वासाबरोबर चित्र जाईल. आणि तुम्ही सोमवारी शर्ट घालून या, शेठ. तुम्हीही टाकीवर चक्कर मारता. मला काळजी वाटते."

हे शेवटचं वाक्य त्या इतक्या साधेपणाने बोलल्या, की शेठना रागवायला जागाच उरली नाही. त्यांनी पेपरवेट बाजूला सरकवला. शेवटी म्हणाले, छापा, पण मागच्या बाजूला, लहान.

"पुढे," मॅडम म्हणाल्या. "चष्मा विसरलेल्यालाही दिसेल एवढं."

"पुढे जागा कुठेय?"

माझ्या तोंडून शब्द गेला, तो कसा गेला मला माहीत नाही. "आहे ना. सोफ्यावरची बाई काढली तर भरपूर जागा आहे."

बाई गेली. त्याच महिन्यात मॅडमची केबिनही गेली. त्यांना भंगाराच्या शेडशेजारच्या खोलीत बसवलं. मी चरफडत बघायला गेलो, तर त्या खिडकी उघडून निवांत बसल्या होत्या. "हवा खेळती आहे हो इथे," त्या म्हणाल्या. "एसीत बंद बसण्यापेक्षा कितीतरी बरं."

नव्या लेबलाचं पहिलं प्रूफ आलं तेव्हा मॅडम रजेवर होत्या. प्रूफवर त्यांची सही लागते. मी राहतो नाशिक रोडला, तिथून देवळाली कॅम्प काही लांब नाही, म्हणून सकाळीच त्यांच्या घरी गेलो. मॅडमनी लग्न केलेलं नाही, एवढंच मला ठाऊक होतं. घरी कोण असतं हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

दार उघडंच होतं. आत खुर्चीवर साठीचे एक गृहस्थ बसले होते, पांढरा, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. मॅडम त्यांच्यासमोर स्टुलावर बसून शर्टाची बटणं लावत होत्या. खालून वर, एकेक, जराही घाई न करता. मला बघून त्या उठल्या नाहीत. "या लेबलवाले. हा माझा दादा. आज नात्यात साखरपुडा आहे. बसा."

दादांनी मला हात जोडले. बोटं सरळ होत नव्हती. कॅम्पच्या बाजारात त्यांचं सीट कव्हरचं दुकान होतं. जीप, स्कूटर, लष्करातल्या लोकांचे सोफे, जे येईल ते. आई-वडील लवकर गेलेले. शटर अर्धं ओढून, आत बसून, दिवसभर सोल्युशन लावायचं, आणि संध्याकाळी त्याच सॉल्व्हंटने हात धुवायचे. त्या पैशांवर बहीण एम.एस्सी. झाली. ती रसायनं शिकत होती आणि इकडे यांच्या हातातून आधी सुई पडायला लागली, मग कात्री. हे सगळं दादांनीच सांगितलं, दुसऱ्या कोणाची गंमत सांगावी तसं. मॅडम खाली बघून बटणं लावत राहिल्या. मला सोमवारचं गेट आठवलं. इतकी वर्षं मी त्या बटणावर विनोद करत आलो होतो.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "दादा, टी-शर्ट का नाही घालत? सोपं पडेल."

"मी तेच म्हंतो. हिला पटत नाय."

"त्याला शर्ट आवडतो," मॅडम म्हणाल्या. "पहिल्यापासून."

मी प्रूफ पुढे केलं. दादांनी ते दोन्ही तळव्यांत धरून डोळ्यांजवळ नेलं. "हा कोण?"

"तू," मॅडम म्हणाल्या.

"मी असा दिसतो?"

"यापेक्षा बरा दिसतोस."

दादा हसले. मला राहवलं नाही, मी विचारलं, "तुमच्या वेळी डब्यावर हे चित्र असतं, तर तुम्ही बघितलं असतं का?"

"छ्या. मला कुठं वेळ होता?" दादा प्रूफवरून नजर न काढता म्हणाले. "पण हिनं बघितलं असतं ना. ही शाळेतून थेट दुकानात यायची. तिथंच बसून डब्यांवरचं सगळं मोठमोठ्यानं वाचायची. कंपनी, वजन, पत्ता, सगळं. एकही डबा सोडला नाय. जे छापलं होतं ते सगळं वाचलं हिनं."

मॅडमनी माझ्या हातातून पेन घेतलं, दादांकडून प्रूफ घेऊन त्यावर सही केली आणि दोन्ही मला परत दिली. माझ्याकडे पाहिलं मात्र नाही. मग त्या दादांकडे वळल्या.

"वरचं बटण राहिलंय," त्या म्हणाल्या. "ते तू लाव."

दादांनी हात गळ्याशी नेले. पहिल्यांदा बटण निसटलं. दुसऱ्यांदाही निसटलं. बाहेर रिक्षावाला हॉर्न देत होता. मॅडम हात मांडीवर ठेवून त्यांच्या बोटांकडे बघत बसल्या होत्या, आणि मीही प्रूफची गुंडाळी करत तिथेच थांबलो.