सात ट्रक आणि पोह्यांच्या सहा बशा

“मोटार कशाला, ट्रकनंच जाऊ,” असं मी म्हणालो. एवढंच. तेव्हापासून पाठ, कंबर आणि अब्रू तिन्ही एकदम दुखतायत, आणि घरात बाम चोळून द्यायलाही कुणी तयार नाही.

नवनाथ आमचा शेजारी. वय तेहतीस, स्वतःचा ट्रक, आणि लग्नाचा पत्ता नाही. पाच स्थळांनी ‘कळवतो’ म्हणून सांगितलं, ती अजून कळवतायत. सहावं स्थळ आळेफाट्याच्या पुढचं. मुलीचे वडील भगवंतराव यांनी अकराची वेळ दिली होती. साडेबाराला दुसरी पार्टी मुलगी बघायला येणार होती. (हे मला कसं कळलं विचारू नका. मी विचारतो, म्हणून कळतं.)

नवनाथच्या घरी फक्त आई, साळुबाई. तिचे गुडघे धरलेले. तेव्हा मध्यस्थ म्हणून मीच स्वतःची नेमणूक केली आणि ट्रकचा सल्ला दिला. कमाईचं साधन दिसू दे की त्यांना! शिवाय तो ट्रक म्हणजे स्वतःच नवरदेव. केबिनवर रंगीत दिव्यांचा मोर, आरशांना गोंडे, मागे डरकाळी फोडणारा बिबट्या (आमच्याकडे खरेही पुष्कळ आहेत, पण एवढे गुटगुटीत नसतात).

नऊला निरगुडसरहून निघालो. मंचरच्या पुढे असाच सजवलेला एक ट्रक कडेला उभा होता. मागे बाभळीची फांदी टाकलेली. नवनाथनं ब्रेक मारला.

“अरे चल की, उशीर होईल.”

“तात्या, सजवलेली गाडी उभी दिसली की थांबायचं. पंक्चर असो न्हाईतर चहा, इचारल्याबिगर पुढं जायचं न्हाई. आमची रीत हाय.”

पंक्चरच होतं. टायर बदलायला पाऊण तास गेला. माझा जीव वरखाली. म्हणून मी त्या ट्रकवाल्याला, खंडूला, बाजूला घेतलं. म्हटलं, “बाबा, पोरगी बघायला चाललोय. तुमच्या मोबाईलच्या ग्रुपवर सांग, आज याला कुणी थांबवू नका.”

“नवनाथ, बोलला न्हाईस व्हय रं?” खंडू म्हणाला. त्यानं लगेच ग्रुपवर आपला आवाज टाकला. त्यात पोरगी होती, गाव होतं, वेळ होती. फक्त ‘थांबवू नका’ तेवढं राहिलं.

नारायणगावपासून समोरून येणारा प्रत्येक सजवलेला ट्रक दिवे मारून थांबायला लागला. हातात हात, पाठीवर थाप, एकानं तर केबिनमधल्या देवाचा हार काढून नवनाथच्या गळ्यात घातला. आणि शुभकार्याला निघालेल्या भावाला एकटं सोडायचं नाही, ही म्हणे दुसरी रीत. प्रत्येक जण गाडी वळवून मागे लागला. त्यातल्या भिकाच्या ट्रकमध्ये तर टोमॅटोचे क्रेट होते.

“अरे, माल नासेल,” मी म्हणालो.

“टमाटी दोन तास थांबतील, तात्या. नवनाथ किती वर्सं थांबलाय.”

आळेफाट्याच्या चौकात सात ट्रक एकमेकांना ‘तुमी आधी’ करत उभे राहिले. शेवटी एक म्हातारी शेळ्या घेऊन सगळ्यांच्या आधी गेली.

पोचलो तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. भगवंतराव ओट्यावर उभे होते.

“पावणं, मुलगी बघाया आलाय का माल उतरवाया?”

आम्ही पंधरा जण. पोह्यांच्या बशा सहा. “घ्या भाऊ.” “न्हाई राव, तुमी लांबून आलाय.” अशा त्या बशा ओट्यावर तीनदा फिरून न शिवता स्वयंपाकघरात परत गेल्या. (पाचच. एक मी संपवली होती.)

कुणी बोलेना, म्हणून मग मीच बोललो. मुलगी आरती पतसंस्थेत नोकरीला. तिचा पगार विचारला. आधीचं स्थळ का मोडलं ते विचारलं. तिच्या आईच्या ऑपरेशनचंही विचारलं. माहिती असावी माणसाला.

आरतीनं मला उत्तर दिलं नाही. ती नवनाथला म्हणाली, “अकराची वेळ व्हती ना?”

“व्हती. वाटंत एक गाडी उभी व्हती. थांबावं लागलं.”

“आमच्यापरास महत्त्वाची?”

“न्हाई,” नवनाथ खाली बघत म्हणाला. “पण उद्या तुमी गाडीत असाल आन् गाडी बंद पडली, तर ह्यातलं कुणीतरी थांबंल.”

आरतीनं ओळीनं बसलेल्या त्या ड्रायव्हरांकडे पाहिलं आणि आत जाऊन आणखी कांदे चिरायला घेतले. साडेबाराची पार्टी गल्लीच्या तोंडाशी आली, सात ट्रक बघून वरातच आली समजून परत गेली.

संध्याकाळी साळुबाईला फोन आला. मी तिथंच होतो. (स्पीकर मीच लावायला लावला.)

“मुलीला मुलगा पसंत हाय,” भगवंतराव म्हणाले. “एकच इचारायचं व्हतं. ते मधीमधी बोलणारे गृहस्थ मुलाचे कोण?”

“शेजारी हाईत. भिंतीला भिंत.”

“अंगणातली मधली भिंत किती उंच हाय?”

“कंबरंइतकी.”

“पुरुषभर करून घ्या. मग सुपारी फोडू.”

गेले चार दिवस काम चालू आहे. विटा खंडूच्या ट्रकनं आल्या, वाळू भिकाच्या. भिंतीवर पाणी मारायचं काम माझ्याकडे आहे, कारण सकाळ-संध्याकाळ मोकळा असा मीच. कालपासून पलीकडचं काही दिसत नाही. घरातलं स्टूल शोधलं, तर आमची बायको द्रौपदा म्हणाली, ते तिनं साळुबाईला लग्नाचा आहेर म्हणून आधीच देऊन टाकलंय.