बेबेची गैरहजेरी

"बेबेच्या भोगाला किती माणसं येतील?" असं सरपंच जसमेल कौर यांनी विचारलं, तेव्हा मेजर सिंगला वाटलं, बाई आईच्या दिवसकार्याच्या पंगतीचा अंदाज घेताहेत.

"चारशे तरी येतील," तो म्हणाला. "आईनं कधी कुणाचं वाईट केलं नाही. जिलबीवाल्याला तसंच सांगितलंय."

"आणि त्यातले मतदार किती?"

मेजर हे त्याचं नाव, हुद्दा नाही. पोरगा फौजेत जावा म्हणून बापानं नाव ठेवलं आणि पोरगा जन्मभर ट्रॅक्टर चालवत राहिला.

आता सरपंचबाईंनाही दोष देण्यात अर्थ नव्हता. आमच्या रत्ता ढाब गावची कालव्याकाठची आठ एकर सामायिक जमीन एका धर्मादाय ट्रस्टला हॉस्पिटलसाठी भाडेपट्ट्यानं द्यायची की नाही, यावरून गाव दीड वर्ष भांडत होतं. बाई म्हणत, द्या. माजी सरपंच दलबारा सिंग म्हणत, आज हॉस्पिटल म्हणतील, उद्या लग्नाचा हॉल बांधतील, आणि मग आपल्या म्हशी काय ऑपरेशनच्या खोलीत चारायच्या? भांडायला आमचं गाव कधीही तयार असतं. पण ठरावासाठी ग्रामसभेला एक पंचमांश मतदार हजर लागतात, आणि नेमकं तिथंच घोडं पेंड खात होतं. यादीत मतदार पंधराशे एकसष्ट. त्यातले निम्मे कॅनडात नाही तर इटलीत, उरलेले घरी टीव्हीसमोर. पहिल्या सभेला एक्केचाळीस माणसं आली, दुसरीला सत्तावीस. तिसरीला पंचायत सचिव तरसेमलाल आले आणि त्यांना चहा द्यायला चहावाला. शेवटी ट्रस्टनं कळवून टाकलं की महिनाअखेरपर्यंत ठराव द्या, नाही तर रेल्वे फाटकापलीकडचं खेडी नावाचं गाव जमीन द्यायला एका पायावर तयार आहे.

"महिनाअखेर म्हणजे तुझ्या आईच्या भोगाचा दिवस," बाई म्हणाल्या. "सभेला कुणी येत नाही, पण भोगाला अख्खं गाव येतं. अरदास झाली की जेवणाआधी मला दहा मिनिटं दे, मेजर."

आतून त्याची बायको चरणो म्हणाली, "सासूबाईंच्या भोगात ठराव मांडणार? लोक तोंडात शेण घालतील."

नऊ दिवसांपूर्वी बेबेच्या छातीत कळ आली, तेव्हा मेजरनं तिला शेजाऱ्याच्या जीपमध्ये घालून शहराकडे नेलं होतं. फाटक बंद होतं. मालगाडी जात होती. आईचं डोकं मांडीवर घेऊन, दुसरं काही करता येईना म्हणून त्यानं डबे मोजले. छप्पन होते. चाळिसाव्याला बेबेचा हात गार पडला.

"दहा मिनिटं घ्या," तो म्हणाला.

ही बातमी दलबारा सिंगकडे पोचायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. तो पेचात पडला. सभेवर बहिष्कार घालता येतो, भोगावर कोण घालणार? न गेलं तर सात पिढ्यांचं वैर. त्यानं आपल्या माणसांना निरोप धाडला, "भोगाला सगळ्यांनी या. रडायचं तेवढं रडा. सही कुठंही करू नका."

भोगाच्या दिवशी खरोखरच अख्खं गाव गुरुद्वाऱ्यात लोटलं. अरदासीची प्रार्थना झाली. सरपंचबाई उठणार, तेवढ्यात आमदार आले. आमच्याकडे भोगाला पुढारी आला की श्रद्धांजलीचं भाषण होतंच, ते कुणाच्या बापाला चुकत नाही.

"माता करतार कौर मला नेहमी म्हणायच्या, बेटा, गावात हॉस्पिटल झालेलं बघून मला डोळे मिटायचेत," आमदार म्हणाले. बेबेनं आमदाराला फक्त पोस्टरवर पाहिलं होतं, आणि त्या पोस्टरनं ती कोंबड्यांचं खुराडं झाकायची.

आमदार बोलल्यावर दलबारा सिंग कसला गप्प बसतो. "काकीनं त्या कुरणात चाळीस वर्षं म्हशी चारल्या," तो गहिवरून म्हणाला. "मरायच्या आदल्या आठवड्यात मला म्हणाली, दलबाऱ्या, वीतभर जमीन देऊ नकोस."

मग कबड्डी क्लबचे अध्यक्ष उठले. बेबेला तिथं मैदान हवं होतं म्हणे. ज्या बाईनं कबड्डीवाल्यांना चाऱ्यातून काठी घेऊन हाकललं होतं, तिला. मेजर मान खाली घालून ऐकत होता. आईची ही मतं त्याला अठ्ठावन्न वर्षांत पहिल्यांदाच कळत होती.

दीड तास झाला. डाळ निवली, माणसं चुळबुळायला लागली. सरपंचबाईंनी शेवटी हजेरीचं रजिस्टर लंगरच्या जेवणघराच्या दाराशी नेऊन ठेवलं. "सही करा नि आत चला," त्या म्हणाल्या.

दलबारा सिंगला आयतंच कोलीत मिळालं. "लंगरात जेवायला सही? हे कुठं ऐकलंय का हो?"

हे मात्र कुणालाच पटण्यासारखं नव्हतं. गुरुद्वाऱ्याचे ग्रंथी बाबा स्वतः बाहेर आले, रजिस्टर उचलून त्यांनी बाईंच्या हातात दिलं आणि म्हणाले, "बीबी, इथं भुकेला नाव विचारत नाहीत." गाव आत शिरलं, पंगती बसल्या. सरपंचबाई पायरीवर मटकन बसल्या. जेवलेलं गाव घरी जाऊन झोपतं, हे त्यांना माहीत होतं.

तेव्हा मेजर उठला. एका हातात डाळीची बादली, काखेत रजिस्टर, मागून भाकरीची टोपली घेऊन चरणो. "बाई ठीक बोलल्या नाहीत, माफ करा," पंगतीतल्या प्रत्येकाला तो म्हणत होता. "पोटभर जेवा. सही नाही केली तरी वाढणारच आहे. नुसती हजेरी आहे, होकार नव्हे. बेबेच्या भोगाला आलो होतो, एवढंच लिहा."

आईच्या भोगात डाळ वाढणाऱ्या पोराला नाही कोण म्हणेल? लोकांनी डाळीनं माखलेल्या बोटांनी सह्या केल्या. दलबाराच्या माणसांनी त्याच्याकडे चोरून बघत केल्या. पंगतीच्या टोकाला तो स्वतः बसला होता.

"काका," मेजर म्हणाला.

"मी तुझ्या आईसाठी आलोय. तुझ्या हॉस्पिटलसाठी नाही."

"तेच लिहा."

दलबारा सिंगनं हात धोतराला पुसला. "आलोय तर आलोय लिहायला माझं काय जातंय," असं पुटपुटत त्यानं सही ठोकली.

पंचायत सचिव तरसेमलालनी दोनदा मोजलं. "तीनशे बारा. लागतात तीनशे तेरा."

"बघा, मेजरनं स्वतःची केलीच नसेल," सरपंचबाई म्हणाल्या.

"पहिली माझीच आहे," मेजर म्हणाला.

मग जी पळापळ झाली ती काही विचारू नका. ठराव न्यायला आलेले ट्रस्टचे मॅनेजर ओसरीवर घड्याळ बघत बसले होते. पाच वाजता ते निघणार होते. दोघं मोटारसायकलवरून शेतात गेले आणि एकाला पकडून घेऊन आले, तर तो बिहारचा मजूर निघाला. अंथरुणाला खिळलेल्या एका म्हातारीला खाटेसकट उचलून आणलं, तर तिचं मत अजून माहेरच्या गावात. कॅनडातल्या एकाला फोनवर उभं केलं. तरसेमलाल म्हणाले, फोन हजर आहे, माणूस नाही.

पाचला वीस मिनिटं असताना त्यांनीच चष्मा पुसत सांगितलं, "एक वाट आहे. यादीतलं एक नाव कमी झालं तर मतदार पंधराशे साठ. मग तीनशे बारा पुरतात."

"मग करा ना कमी," सरपंचबाई म्हणाल्या. "कुणाचं करायचं?"

सगळ्यांची नजर हार घातलेल्या फोटोकडे गेली.

"करा," मेजर म्हणाला. "तिला आवडेल."

"मृत्यूचा दाखला द्या. लगेच वगळतो."

मेजरनं डोक्याला हात लावला. त्या दाखल्यासाठी तो आठ दिवस वणवण फिरला होता. गावचा चौकीदार म्हणाला, बेबे गावात मेली नाही, मी कशी नोंद करू? शहरातल्या डॉक्टरनं जीपमध्येच नाडी बघून सांगितलं होतं, आमच्याकडे दाखल नाही, घरी न्या. फाटकवाला म्हणाला, आम्ही गाडीखाली आलेल्यांचंच लिहितो.

"हॉस्पिटलात गेल्या असत्या तर दाखला जागेवर मिळाला असता," तरसेमलाल हळहळले.

"हॉस्पिटल असतं तर दाखला लागलाच नसता, बाबा," चरणो म्हणाली.

यावर दलबारा सिंगसुद्धा उखडला. "अरे, तीनशे माणसं तिच्या भोगाची डाळ खाऊन ढेकर देताहेत. आणखी कसला पुरावा पाहिजे तुला?"

"डाळ फायलीला लावता येत नाही, सरदारजी."

पाच वाजता मॅनेजर उठले. मेजरचे दोन्ही हात हातात घेऊन त्यांनी सांत्वन केलं, आणि त्यांची गाडी खेडीच्या रस्त्याला लागली. तरसेमलाल खाली मान घालून घरवार हजेरी भरत होते. मेजरनं त्यांच्या खांद्यावरून वाचलं. घर क्रमांक एक्केचाळीस. मेजर सिंग, हजर. चरणजीत कौर, हजर. करतार कौर, वय एक्याऐंशी, गैरहजर.

"हे असंच राहणार?" त्यानं विचारलं.

"कागद येईपर्यंत," तरसेमलाल म्हणाले. त्यांनाही वाईट वाटत होतं, पण त्यांनी पान उलटलं.

पुढच्या रविवारी दलबारा सिंगनं कुरणात सभा घेतली. जमीन वाचली म्हणून लाडू वाटले. मंचावर बेबेचा मोठा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, 'एका मतानं गावाची जमीन राखणारी माता करतार कौर'. घरच्यांचा सत्कार म्हणून मेजरला वर बोलावलं. सिरोपा नाकारत नाहीत, म्हणून त्यानं मान पुढं केली. भगवं कापड गळ्यात घालताना दलबारा सिंग त्याच्या कानाशी म्हणाला, "मी सही केली होती, मेजरा. तुझीच आई आली नाही, त्याला मी काय करू?"

मग त्याच्या हातात माइक आला. मेजरला भाषण येत नव्हतं.

"माझी आई हॉस्पिटलच्या वाटेवर मेली," तो म्हणाला.

बायकांनी ओढणी डोळ्यांना लावली. दलबारा सिंगनं हलकेच माइक काढून घेतला.

"ऐकलंत?" तो भरल्या गळ्यानं म्हणाला. "वाटेत जीव दिला माउलीनं, पण हॉस्पिटलची पायरी चढली नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळे आपल्याकडेच बघताहेत असं दिसल्यावर मेजरनंही दोन वाजवल्या.