सुकानानांच्या वराती

सुकानाना लग्नाला गेले की नवरीकडे पाठ करून उभे राहायचे. नवरदेवाकडेही. अक्षता एका हाताने मागच्या मागे फेकायचे, पडतील तिथे पडोत, आणि तोंड कायम बँडकडे. दुसऱ्या हातात माईक. गळ्यात कातडी पट्ट्याला अडकवलेलं टेपरेकॉर्डरचं मशीन. लग्न कोणाचं, पत्रिका आली की नाही, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसे. नवरीकडचे समजत, हा नवरदेवाचा काका असेल. नवरदेवाकडचे समजत, नवरीचा मामा असेल. या समजुतीच्या जोरावर नानांनी शहाद्याच्या आसपासची जवळजवळ सगळी लग्नं ऐकली. ऐकलीच म्हणतो. जेवायला ते कधी बसत नसत. पंगत बसली की बँड थांबतो, मग तिथे थांबून करायचं काय, असा त्यांचा हिशेब.

हे एकोणीसशे साठ साल उलटून गेल्यानंतरचं. मी शहाद्याच्या शाळेत गणित शिकवायचो आणि नानांच्या शेजारच्या घरात राहायचो. मधे भिंत एकच, तीही मातीची. आणि मला बँडचा मनापासून तिटकारा! चार माणसांनी पोटातला सगळा वारा पितळेत ओतायचा आणि पाचव्याने ढोल बडवायचा, यात आनंद तो कसला? माझ्यासारख्या माणसाच्या भिंतीपलीकडे देवाने नेमके सुकानाना आणून ठेवले होते.

नानांची पिठाची गिरणी होती. दिवसभर पट्ट्याच्या आणि जात्याच्या आवाजात राहून त्यांना हळू बोलणं असा काही प्रकार असतो हेच ठाऊक नव्हतं. ते “गुरुजी, चहा पीशात का?” असं विचारायचे तेव्हा पलीकडच्या गल्लीतली माणसं “हो” म्हणायची. लग्नसराईत मात्र गिरणी कधी बंद पडेल याचा नेम नसे. बायका दळणाचे डबे घेऊन येत, दाराला कुलूप बघत आणि नानांना शिव्या घालत परत जात. “कोन्हं लगीन शे आज?” “कोन्हंबी असो, माय! नाना ग्यात म्हंजे बाबू मास्तरना बँड शे.”

कारण नानांना वाटेल तो बँड चालत नसे. बँड एकच, बाबू मास्तरचा. मास्तर स्वतः क्लॅरनेट वाजवायचे. लाल कोट, त्यावर जरीची पट्टी, आणि कोटाला दोनच बटणं शिल्लक. बँड म्हसावदला निघाला की नाना म्हसावदला. बँड तळोद्याला, नाना तळोद्याला. एकदा धडगावला जायचं होतं तर नाना बँडच्याच ट्रकमध्ये ढोलावर बसून घाट चढले. परत आल्यावर मला भिंतीपलीकडून हाक. “गुरुजी, आयकाले या! धडगावनी वरात उनी!”

गेलो. वरात घरी आली म्हटल्यावर काय करता, शेजारधर्म. नानांनी रीळ चढवलं, बटण दाबलं, आणि मशीनमधून आधी कुत्रं भुंकलं, मग कोणीतरी दणदणीत खोकला, मग एक माणूस “अरे, गूळ कोठे ठेवा?” म्हणून ओरडला, आणि या सगळ्याच्या मागून बँड.

“हेच गाणं तुम्ही मला तळोद्याचं ऐकवलं होतं की,” मी म्हणालो.

नानांनी माझ्याकडे असं पाहिलं की शाळेतल्या ढ पोराकडे मीही तसं कधी पाहिलं नसेल. “गानं तेच शे. पन वरात ती नही! तळोदाले मास्तर खुशीमा व्हतात. आठे घाटनी धूळ गळामा गयी. दखा, वर जाताना आवाज फाटना का नही?”

फाटला होता खरा. मला वाटलं ही खोड आहे, नानांना वाटत होतं हा दागिना आहे. मी म्हटलं, इतकी हौस असेल तर चौकातल्या हॉटेलात गाण्याच्या प्लेटा वाजतात, तिथे जाऊन ऐका की. मुंबईत चांगल्या खोलीत बसून भरलेलं गाणं, ना कुत्रं ना गूळ. त्यावर नाना एवढ्याने ओरडले की रिळाची पट्टी हलली. “प्लेटमा कोनी खोकस का? कोनी हासस का? ते गानं नही गुरुजी, तो गानाना फोटू शे. हाई जित्तं शे!”

आता या जित्त्या गाण्यापायी दुसऱ्यांना काय काय सोसावं लागे ते ऐका. मशीन चालायचं टॉर्चच्या सेलवर, आणि रीळ असायचं आखूड. एकदा आमच्या गावात ऐन वरातीत रीळ संपलं. मास्तरांनी नेमकी एक अवघड जागा अशी काही घेतली की झांजवालाही झांजा विसरला, आणि त्याच क्षणी नानांची पट्टी सुटून फडफडायला लागली. नाना धावत घोड्यापुढे गेले आणि दोन्ही हात पसरून उभे. “थांबा! मास्तर, ते परत ल्या. मन्हं रीळ सरनं व्हतं.” बरं, बाबू मास्तरही असे भले की त्यांनी खरोखर परत घेतलं. नवरदेव घोड्यावर घाम पुसतोय, तिकडे मांडवात भटजी घड्याळ बघतोय, आणि इकडे नाना बोटाने खूण करताहेत, “अजून एकडाव!” नवरीचा बाप वरातीच्या वाटेकडे बघून रडकुंडीला आला होता म्हणतात.

म्हसावदच्या लग्नात सेलच मरत आले होते. नानांना पत्ता नाही. घरी येऊन त्यांनी नवे सेल घातले आणि रीळ लावलं, तर अख्खी वरात शेपटीला आग लागल्यासारखी धावत सुटली. ढोल टपटपटप, क्लॅरनेट चिमणीसारखी, आणि पाहुणे बारीक आवाजात एकमेकांना पळता पळता रामराम घालताहेत. त्या दिवशी भिंतीपलीकडून नानांच्या आवाजाशिवाय आणखी एक आवाज मला ऐकू आला. बाईचा, आणि हसून हसून दम लागलेला. “हाई वरात शे का नवरदेव पळी जाई ऱ्हायना?”

ती जिजी. नानांची बायको. अर्धांगवायूने एक बाजू गेलेली, कितीतरी वर्षं खाटेवर. मूलबाळ नाही. नानाच तिचं सगळं करायचे, उठवणं, बसवणं, घास भरवणं. मला मात्र त्या माउलीची फार कीव यायची. बिचारी आधीच आजारी, उठून जाता येत नाही, कान बंद करायला दोन हातही चालत नाहीत, आणि हा गृहस्थ रोज दिवेलागणीला तिच्या उशाशी बँड वाजवतो! शेवटी एके दिवशी मला राहवलं नाही. भिंतीपलीकडे गेलो आणि दारातूनच सुनावलं.

“नाना, तुमची हौस तुमच्यापाशी. पण घरात आजारी माणूस आहे. जिजींचा तरी विचार करा!”

नाना खाली मान घालून रिळाशी चाळा करायला लागले. उत्तर आलं ते आतल्या खाटेवरून.

“कोन बोली ऱ्हायनं ते? गुरुजी शेतस का? बसनं व्हई ते बसा, नही ते चालता व्हा. आते क्लॅरनेट येवानी येळ शे!”

मी बसलो. दुसरं करतो काय? जिजी उशीला टेकून होती. उजव्या हाताने खाटेच्या माचव्यावर ठेका धरलेला. डोळे मिटलेले. मशीनमध्ये कोणीतरी खोकलं तशी तिने बोट वर केलं.

“हाऊ म्हसावदना उत्तमकाका. मांगला साल लई बिमार व्हता. खोकला आते मोकया वाटस. सुधरना बिचारा.” थोडा वेळ बँड वाजला. मग एक बाई हसली. जिजीने डोळे उघडले. “माय वं! नर्मदी हासनी! म्हंजे सासूसंगे भांडन मिटनं तिन्हं. नाना, मांगे ल्या, परत आयकू द्या.”

नानांनी निमूट रीळ मागे फिरवलं. नर्मदा पुन्हा हसली. जिजी पुन्हा खूश.

आजारी पडायच्या आधी गावात लग्न कोणाचंही असो, हळदीची गाणी जिजीने उचलायची, असा शिरस्ता होता. वरातीपुढे फुगडी घालायची ती जिजीने. मग एका सकाळी ती उठली ती निम्मीच. कित्येक महिने भिंतीकडे तोंड करून पडून राहिली, बोलेना, जेवेना. नानांनी सुरतेहून प्लेटा आणल्या, वाजवायचं यंत्र आणलं. तिने एक प्लेट ऐकली आणि एवढंच विचारलं, “हाई कोन गास? हाऊ माले ओयखस का?” तिला ओळखीचे आवाज हवे होते; नाना पुन्हा सुरतेला गेले आणि ते यंत्र देऊन हे टेपरेकॉर्डरचं मशीन घेऊन आले. तिला लग्नाला जाता येत नाही ना? मग लग्नं तिच्याकडे येतील. तिचं एकही लग्न चुकू द्यायचं नाही, एवढाच त्या माणसाचा उद्योग होता.

हे सगळं नानांनी मला ओट्यावर बसून सांगितलं. मी म्हणालो, “पण तळोद्याला मास्तर खुशीत होते, धडगावला आवाज फाटला, हे तुम्हाला कळतं की.”

“माले?” नाना मोठ्याने हसले. “माले काय समजस, गुरुजी! माले गिरणीना आवाज आन् बँडना आवाज एकसारखाच. ती सांगस ते मी तुम्हले सांगस. ती म्हनस चांगलं, ते चांगलं.”

घ्या! गावाने ज्या माणसाला बँडवेडा ठरवलं होतं त्याला सूर कशाशी खातात हे माहीत नव्हतं. खरी बँडवेडी खाटेवर होती.

त्यानंतर मीही अधूनमधून जाऊन बसायला लागलो. बँडसाठी नव्हे, हे आधीच सांगतो. जिजीसाठी. ती एकेका रिळातून अख्खं लग्न उकलून दाखवायची. कोणत्या व्याह्याचं बिनसलं, कोणाच्या पोराला दात आला, वरमाईचा मान कुठे राहून गेला. लग्नाला प्रत्यक्ष गेलेल्या बायका दुसऱ्या दिवशी दळण घेऊन यायच्या आणि लग्नात काय झालं ते जिजीकडून ऐकून जायच्या. याचा बोभाटा होणारच. पुढे पुढे नाना मांडवात दिसले की बायका एकमेकींना कोपराने ढोसायच्या. “चूप वं, जिजीना कान उनात!”

एका हिवाळ्यात जिजी झोपेतच गेली. नानांनी सगळं रीतीने केलं. गिरणी पुन्हा सुरू झाली. मशीन कोनाड्यात गेलं. लग्नसराई आली तरी गिरणीला कुलूप लागेना, बायकांना दळण वेळेवर मिळायला लागलं, आणि त्याच बायका डोळ्याला पदर लावून म्हणायच्या, पहिलं बरं होतं. मला संध्याकाळी वही तपासायला इतकी शांतता मिळायची की एकही वही तपासून होत नसे.

त्या वैशाखात पलीकडच्या गल्लीतल्या एका घरचं लग्न निघालं. नवरदेव घोड्यावरून मारुतीच्या पाया पडायला निघाला, पुढे बाबू मास्तरचा बँड. आमच्याकडे रीत अशी की ज्या घरात वर्षाच्या आत कोणी गेलेलं असेल त्याच्यासमोरून वाजवत जायचं नाही. बँड बंद करायचा, माणसांनी बोलणंही बंद करायचं, आणि घर ओलांडलं की मग पुन्हा सुरू. कोणी सांगावं लागत नाही. गल्लीच्या तोंडाशी मास्तरांनी क्लॅरनेट खाली घेतली. ढोलवाल्याने ढोलावर हात ठेवला. अख्खी वरात चपलांचे आवाज करत पुढे यायला लागली.

नाना ओट्यावर बसले होते. मी माझ्या दारात. वरात नानांच्या घरासमोर आली आणि नाना उठले, खाली उतरले आणि घोड्याच्या पुढे जाऊन उभे राहिले.

“वाजाडा,” ते म्हणाले.

नवरदेवाचा काका पुढे आला. हात जोडून म्हणाला, “नाना, कसं करो? तुम्हना घरमा दुखोटा. वाजाडीसन ग्यात ते गाव काय म्हनी आम्हले?”

“दुखोटा मन्हा घरमा शे ना? मंग मी सांगस ना, वाजाडा!” नानांचा आवाज सगळ्या गल्लीत भरला. “बठ्ठं आयुष्य ती तुम्हना लगीनमा नाचनी. नाच ऱ्हायना ते पडी पडी आयकनी. आन् आज तिन्हाच दारसमोरथीन तुम्ही मुका व्हईसन जाशात? तिले काय वाटी?”

बाया रडायला लागल्या. बाबू मास्तरांनी कोणाला विचारलं नाही. त्यांनी खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं, दाराकडे वळून वरातीकडे पाठ केली आणि क्लॅरनेट उचलली. एकट्यानेच सुरू केलं. मग ढोल आला. मग सगळेच आले. नवरदेव घोड्यावरून उतरून उभा राहिला. नाना दारापाशी सरकून उभे होते, दोन्ही हात रिकामे, काय करायचं त्या हातांचं ते न कळल्यासारखे.

गाणं संपलं. मास्तरांनी दाराला नमस्कार केला आणि वरात वाजत मारुतीकडे गेली. नाना ओट्यावर टेकले, मी त्यांच्यापाशी जाऊन बसलो. म्हणालो, “नाना, आज मशीन नाही काढलं?”

“मशीन लांबना लगीनसाठे व्हतं, गुरुजी. हाई ते घरच उनं.”

मग माझ्याकडे वळले. एवढा मोठा माणूस, पण चेहरा अगदी अडलेल्या पोरासारखा.

“गुरुजी, माले समजत नही. आते सांगनारं कोनी नही ऱ्हायनं. तुम्हीच सांगा, चांगलं वाजनं का?”

मी जन्मभर बँडला शिव्या घातलेला माणूस. मी त्यांचा हात धरला.

“चांगलं वाजनं, नाना,” मी म्हणालो. “लई चांगलं वाजनं.”